हलक्या बिडीची आठ भोके

प्रिय मुक्ता आणि ओजस,

मागच्या महिन्यात मुक्ताने फोनवर मला तिच्या कॉलेजच्या कामाचे चित्र दाखवले. उभी चिरलेली सिगारेट, आतल्या तंबाखूतून वळणे घेत जाणारे हवेचे निळे बाण, आणि ओठांकडच्या टोकाला बारीक छिद्रांची एक रांग. तिने विचारले, "आजी, तू बिडीच्या कंपनीत होतीस ना? आत कसं भरलंय त्यावर हवा किती येते हे ठरतं, तुला माहीत असेल." मी म्हणाले, "घट्ट भरली तर ओढायला जड, सैल भरली तर सोपी." मुक्ताने ते लिहून घेतले आणि फोन ठेवला.

उत्तर चूक नव्हते. पण त्या छिद्रांच्या रांगेबद्दल मी एक शब्द बोलले नाही, आणि ते मुद्दाम. आता इथल्या एका दिवाळी अंकाने नोकरीतल्या आठवणी मागितल्या आहेत, तेव्हा राहिलेले उत्तर लिहून टाकते. अंक तुम्हाला टपालाने येईल. तुम्ही मराठी हळू वाचता, म्हणून सोपे लिहिले आहे.

मी शिकले नागपुरात, इंग्रजीतून. माझे वडील प्राथमिक शाळेत मास्तर. धम्मदीक्षा घेऊन आल्यावर त्यांनी ठरवले की मुलींना इंग्रजी आलेच पाहिजे, आणि त्यासाठी आईच्या पाटल्या गेल्या. मी भौतिकशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाले, लग्न होऊन भंडाऱ्याला आले, आणि इथे त्या पदवीला कोणी गिऱ्हाईक नव्हते. एका बिडी कंपनीला इंग्रजी पत्रे लिहायला माणूस हवे होते. तिथे लागले ती निवृत्त होईपर्यंत तिथेच राहिले. सगळी नोकरी सांगत बसत नाही. १९९९ साली गोंदिया वेगळा जिल्हा झाला, त्यानंतरच्या चार-पाच वर्षांतले काय ते सांगते. तेव्हा पत्रांच्या जोडीला मालाच्या तपासणीचे कामही माझ्याकडे आले होते.

आधी बिडी समजून घ्या. तेंदूचे पान आदल्या दिवशी भिजवून मऊ करतात. पत्र्याच्या मापावर ठेवून कात्रीने कापतात. त्यात चिमूटभर जर्दा, म्हणजे कुटलेला तंबाखू, पसरून पान गुंडाळतात. जाड टोक लोखंडी काडीने आत दुमडायचे, निमुळत्या टोकाजवळ दोरा बांधायचा, झाली बिडी. आमच्या भागातल्या बायका हे काम अंगणात बसून, मांडीवर सूप घेऊन, गप्पा मारता मारता करतात. हाताकडे कोणी बघतसुद्धा नाही. पंचवीस बिड्यांचा एक कट्टा. माल कारखान्यात आला की आम्ही तपासायचा, मग तो भट्टीत शेकला जायचा.

सिगारेटचा कागद विरळ असतो. झुरका घेताना थोडी हवा पुढच्या जळत्या टोकातून येते आणि थोडी कागदाच्या अंगातून. म्हणून ती हातात नुसती धरली तरी जळत राहते. तेंदूचे पान तसे नाही. त्यातून हवा शिरत नाही. सगळी हवा पुढूनच यायची, जर्द्याच्या कणांमधून वाट काढत. ओढणारा थांबला की बिडी विझते. म्हणून बिडी ओढणाऱ्याला पुन्हा पुन्हा आणि जोराने ओढावे लागते. जर्दा दाबून भरला तर गाल आत जातात आणि धूर येत नाही. सैल भरला तर आत पोकळ भुयार होते, हवा त्यातून सरळ पळते, बिडी भराभर जळते आणि घसा भाजते. एखादी जाड शीर आडवी आली तरी सगळा हिशेब बिघडतो.

हे सगळे आमचे जुने चेकर दादाजी बोटांनी ओळखायचे. शंका आली तर बिडी न पेटवता ओठांना लावायचे, एकदा ओढून बघायचे आणि म्हणायचे, "हिच्यात वाट नाई." स्वतः कधी बिडी ओढली नाही. विचारले तर म्हणायचे, "हलवाई का लाडू खाते का जी?"

पण तक्रारींना दादाजींची बोटे पुरत नव्हती. कोंढ्याचे एक निवृत्त हवालदार होते. त्यांनी एकदा अकरा बिड्या टपालाने परत पाठवल्या. प्रत्येक बिडी टाचणीने पुठ्ठ्यावर टोचलेली, खाली क्रमांक, आणि सोबत टंकलेले इंग्रजी पत्र: पहिली ते सातवी, ओढली जात नाही, आठवी ते दहावी, विझते, अकरावी, शेजाऱ्याला दिली होती, त्यानेही परत केली. पत्रात व्याकरणाची एकही चूक नव्हती. मला त्या माणसाबद्दल फार आदर वाटला. पावसाळ्यात जर्दा ओल धरून फुगतो, तेव्हा नेहमीइतकाच भरला तरी आत घट्ट होतो, हे मी त्यांना उलट टपाली कळवले. सोबत दोन कट्टे पाठवले. त्यांचे उत्तर आले, कारण पटले, बिड्या पटल्या नाहीत.

त्या पत्राने मला माझी कॉलेजची प्रयोगशाळा आठवली. मी औषधाच्या दुकानातून सलाईनची नळी आणली, ती वाकवून फळीवर खिळ्यांनी बसवली आणि तिच्यात कपड्यांच्या निळीचे पाणी भरले. शेजारी तोटी असलेला एक बंद डबा, पाण्याने भरलेला, वरून त्या नळीला आणि बिडीला जोडलेला. तोटी उघडली की पाणी खाली जायचे, तितकी हवा डबा वरून ओढून घ्यायचा, आणि ती हवा बिडीतून यायची. बिडी घट्ट असेल तर निळे पाणी जास्त चढायचे, सैल असेल तर कमी. माणसाचे गाल नकोत की दादाजींची बोटे नकोत. कोणाची बिडी छाटायची, म्हणजे नापास करायची, यावरून आता भांडण होणार नाही असे मला वाटले. बायकांनी त्याला नाव ठेवले, हुक्का.

"का म्हनते बाई आज तुमचा हुक्का?" माल टाकायला आलेली प्रत्येक बाई विचारायची. दादाजी दुरून सांगायचे, "हुक्का म्हनते का कमला बाईचं लक्ष नवऱ्याकडं होतं, बिड्याईकडं नवतं." कमला म्हणायची, "दादाजी, तुमाले कोन विचारलं? हुक्क्याले विचारलं मी."

मला तो हुक्का फार आवडायचा, हे कबूल करते. पदवी घेऊन इतकी वर्षे झाल्यावर ती पहिल्यांदा कामाला आली होती.

मग छोटे शेट आले. मालकांचा मुलगा, पुण्याला व्यवस्थापन शिकून आलेला. एक दिवस त्यांनी माझ्या टेबलावर महागडे सिगारेटचे पाकीट ठेवले, ब्लेडने एक सिगारेट उभी कापली आणि म्हणाले, "बाई, बघा. ही लाइट आहे. लाइट कशानं, सांगा."

आत सारख्या कापलेल्या तंबाखूचे तंतू होते, मग पांढऱ्या धाग्यांचा फिल्टर, आणि फिल्टरवरच्या कागदाला उजेडाकडे धरले तेव्हा दिसली ती बारीक छिद्रांची रांग. झुरका घेतला की त्या छिद्रांतून बाहेरची स्वच्छ हवा आत येते आणि धुरात मिसळते. तोंडात जाते ते पातळ होऊन जाते. दुधात पाणी घालावे तसे.

"आपण हे बिडीत करायचं," छोटे शेट म्हणाले. "हलकी बिडी. शहरात चालेल. तुमचा हुक्का आहे ना, त्यावर बसवून द्या."

मी तीन महिने त्यात गुंतले. निमुळत्या टोकात लहानसा फिल्टर बसवायचा, वरून पान, आणि फिल्टरवर गोल फिरून सुईने आठ भोके पाडायची. सहा पाडली तर फरक पडत नव्हता. दहा पाडली तर पान फाटत होते. आठ. हे आठ मी ठरवले. भोके पाडायला आंधळगावच्या वीस बायका निवडल्या, कारण सुईचे काम तिथे नीट व्हायचे. या बिडीला हजारी मजुरी, म्हणजे हजार बिड्यांमागचा दर, जास्त होती. त्या वीसांत सगळ्यांत नीट हात कौसल्याचा. कौसल्या तेव्हा चाळिशीची असेल, बोलायला कमी, आणि तिचा माल मी कधी छाटला नाही.

धूर किती पातळ झाला हे दाखवायला मी पेटवलेली बिडी नळीला लावून मध्ये कापसाचा बोळा ठेवायचे. साध्या बिडीचा बोळा चहासारखा तपकिरी निघायचा. हलक्या बिडीचा फिकट, नुकत्या पिवळ्या पडलेल्या कागदासारखा. छोटे शेटनी दोन्ही बोळे काचेच्या डबीत ठेवले आणि येणाऱ्या-जाणाऱ्या व्यापाऱ्याला दाखवू लागले.

आता गोविंदाचे सांगते. गोविंदा म्हणजे कौसल्याचा नवरा. दुसऱ्यांच्या धानाच्या बांध्यांत, म्हणजे भातखाचरांत, मजुरी करायचा, उन्हाळ्यात तेंदूपाने तोडायला जंगलात जायचा. उंच, हसरा, आणि खोकला कायमचा. चैत्रात एक दिवस कौसल्याऐवजी तोच माल घेऊन आला. सरकारी दवाखान्यात तपासून घेतले होते. डॉक्टरांनी छाती ऐकली आणि बिडी सोडायला सांगितली.

"सोडली का मग, गोविंदभाऊ?" मी विचारले.

"सोडली ना बाई. आज आठवा दिवस." त्याने आठ बोटे दाखवली. "तीस वर्सात पहिल्यांदा. डोकं भनभन करून राहिलं, बायकोवर खेकसून राहिलो, पर एक नाई ओढली."

"शाब्बास," मी म्हणाले.

तो गेला नाही. उभाच राहिला. मग म्हणाला, "बाई, एक विचारू का? ते हलकी बिडी बनवून राहिली कौसल्या. तुमी इंग्रजी शिकलेल्या. तुमीच बनवली म्हनते. ते ओढली तं चालन का?"

मी हो म्हणाले नाही. हे मी पुढे कित्येक वर्षे स्वतःला सांगत आले, की मी हो म्हणालेच नव्हते. मी फक्त काचेची डबी उघडली आणि त्याला दोन बोळे दाखवले. ही साधी. ही हलकी. भोके काय करतात तेही समजावले. समजावायला मला आवडतेच.

गोविंदाने तो फिकट बोळा हातात घेतला, नाकाशी नेला, उजेडात धरला. त्याच्या चेहऱ्यावर जे आले ते मला तेव्हा समाधान वाटले. आता वाटते, सुटका झाल्यावर माणूस तसा दिसतो.

"म्हंजे हिच्यात काईच नाई," तो म्हणाला.

"कमी आहे," मी म्हणाले.

"तेच ना जी."

नववा दिवस त्याला जड गेला नाही; त्या दिवशी त्याने हलकी बिडी पेटवली.

त्या वर्षी धान चांगले झाले. कापणीच्या दिवसांत मी आंधळगावला फिल्टरचा साठा मोजायला गेले होते. परतीच्या एसटीला वेळ होता. कौसल्या कापणीला गेली आहे असे कळले, म्हणून बांधीकडे चालत गेले. वारा सुटला होता. पाच-सहा माणसे बांधाच्या आडोशाला बसून बिड्या ओढत होती. गोविंदा त्यांत होता.

"या बाई, बसा! पाहा, तुमचीच ओढून राहिलो."

मी त्याच्या हाताकडे पाहिले. इथला शेतावरचा माणूस बिडी कशी धरतो, तुम्हाला माहीत नसेल. शहरातल्यासारखी दोन बोटांत सरळ नाही. वाऱ्यात विझू नये म्हणून जळते टोक आत, तळहाताच्या खोबणीत, आणि ओठांकडचे टोक अंगठा आणि दोन बोटांच्या चिमटीत घट्ट. मी लहानपणापासून हजार माणसे अशी बिडी ओढताना पाहिली होती. माझे वडीलसुद्धा दीक्षेआधी तशीच धरायचे. आणि माझ्या हुक्क्यात बिडी आडवी, उघडी, रबराच्या नळीत टोकाने खोचलेली असायची. तिला कोणी हात लावत नव्हते.

"कशी लागते हो भाऊ?" मी विचारले.

"पहिले फुसकी लागे," गोविंदा म्हणाला. "हवाच येये तोंडात. मंग समजलं मले. चिमटीत कसून दाबली का बरोबर लागते. अस्सल साध्यावानी."

बाकीचे हसले. एक जण म्हणाला, "आमाले बी त्यानंच शिकवलं. नाई तं कोन ओढते हे बायकाईची बिडी!"

एसटीत मी खिडकीशी बसले आणि माझ्या अंगठ्याची आणि दोन बोटांची चिमूट करून बघत राहिले. आठ भोकांपैकी सहा-सात तरी तिच्याखाली येत होती.

दुसऱ्या दिवशी मी बिडी नळीला लावली, पेटवली, आणि भोकांवर स्वतःच्या बोटांची चिमूट धरली. निळे पाणी साध्या बिडीइतके चढले. बोळा चहासारखा तपकिरी निघाला. मी तीनदा केले. तिन्ही वेळा तोच रंग. मुक्ता, तुझे चित्र चांगले आहे, बाणही बरोबर आहेत. त्यात हात नाही, एवढेच. माझ्याही प्रयोगात नव्हता.

मी छोटे शेटना एक पानी टिपण लिहिले. इंग्रजीत, कारण इंग्रजीत लिहिले की मला थोडे धैर्य येते. त्यांनी ते उभ्यानेच वाचले.

"बाई, गिऱ्हाईकाची बोटं काय आपल्या हातात आहेत?"

"नाहीत. पण मग आपण हलकी म्हणून विकू नये."

"सिगारेटवाले विकतात ना." ते रागावले नव्हते, उलट समजुतीने बोलत होते. "आणि बंद करायची तर आंधळगावच्या वीस बायकांची जास्तीची मजुरी जाईल. तुम्ही जाऊन सांगाल त्यांना?"

मी सांगेन असे म्हणाले नाही. टिपणाची कार्बन प्रत फाइलला लावली. फाइलला लावले की काहीतरी केल्यासारखे वाटते. दादाजींनी ते पाहिले आणि विचारले, "का लिवलं बाई इतकं?" मी सांगितले. त्यांनी फाइल मिटून ठेवली. मग म्हणाले, "शेटले सांगितलं, ते ठीक. ओढनाऱ्याले सांगितलं का?"

"सांगते," मी म्हणाले.

त्याच आठवड्यात सांगायला हवे होते. आंधळगाव काही परदेशात नाही. पण थंडीचे तीन महिने मी सांगितले नाही. कौसल्या दर आठवड्याला माल घेऊन यायची. मी विचारायचे, "गोविंदभाऊ कसे आहेत?"

"खोकला हायेच जी. पर ते दुसऱ्या बिडीले हात लावत नाई आता. तुमची हलकीच." ती हे मला बरे वाटावे म्हणून सांगायची. एकदा म्हणाली, "पहिले एक कट्टा लागे दिवसाले. आता दोन लागते. हलकी हाये ना."

मी मालाची पावती लिहिली आणि तिला दिली.

का सांगितले नाही, याची कारणे माझ्याकडे तेव्हाही नीट मांडलेली होती. वीस घरांची मजुरी. माझी नोकरी, तुमची आई तेव्हा नागपूरला वसतिगृहात होती. पण खरे कारण याहून लहान होते. मला त्या माणसासमोर जाऊन, मी चुकले, असे म्हणायचे नव्हते. आमच्या तपासणीच्या खोलीत चुकायचे ते बिड्या वळणाऱ्या बायकांनी. मी फक्त चूक दाखवायची.

शेवटी फाल्गुनात गेले. गोविंदा अंगणात खाटेवर बसला होता, भिंतीला टेकून. कामावर जाणे त्याने सोडले होते. कौसल्या घरात चहा ठेवत होती. मी पाकिटातून दोन बोळे काढून त्याच्या हातावर ठेवले.

"ही हलकी बिडी, भोकं उघडी," मी म्हणाले. "आणि ही हलकीच, चिमटीत धरलेली."

त्याला समजायला वेळ लागला नाही. तो हुशार माणूस होता. आपल्या उजव्या हाताची चिमूट त्याने उलटसुलट करून पाहिली.

"म्हंजे माह्याच बोटानं घात केला म्हना."

"नाही भाऊ. बोटांचं काही चुकलं नाही. भोकं चुकीच्या जागी होती. ती मी ठरवली होती."

"मंग त्या दिवशी काहून नाई सांगितलं?"

"त्या दिवशी मला माहीत नव्हतं."

"मालूम कदी झालं?"

इथे मला खोटे बोलता आले असते. "कापणीच्या वेळी," मी म्हणाले. "तुम्ही बांधावर बसला होतात तेव्हा."

गोविंदाने मान हलवली. बराच वेळ खोकला. खोकला थांबल्यावर म्हणाला, "आठ दिवस सोडली होती मी, बाई."

"आता पुन्हा सोडता येईल. मी डॉक्टरांकडे घेऊन जाते तुम्हाला. आपण दोघं जाऊ."

"आता नाई होत जी. तवा अंगात दम होता." मग त्याने आवाज चढवला, "कौसल्ये, बाईच्या चहात साखर कमी टाकजो, त्याईले चालत नाई." माझ्याकडे पाहून हसला. "पाहा, हे लक्षात हाये माह्या."

चहा घेऊन मी परत आले. डॉक्टरांकडे मी त्याला दोनदा नेले. तिसऱ्यांदा तो आला नाही. साधी बिडी ओढू लागला होता, उघडपणे, दिवसाला एक कट्टा. म्हणायचा, हिच्यात काय आहे ते तरी मालूम आहे. पुढच्या वर्षीचा रोवणा, म्हणजे धानाची लावणी, त्याने खाटेवरूनच ऐकला. पाऊस सरायच्या आत गेला.

डॉक्टरांना मी विचारले. ते म्हणाले, तीस वर्षांचा धूर आहे, एका वर्षाने काय फरक पडतो. भला माणूस. पण मी विचारले होते ते त्या एका वर्षाबद्दल नव्हते. नवव्या दिवसाबद्दल होते, आणि त्याचे उत्तर कोणत्याही डॉक्टरकडे नाही. माझ्या टेबलासमोर उभा राहिला तेव्हा त्याने बिडी सोडलेली होती. मी नुसते नाही म्हणाले असते, तर कदाचित पुढेही सोडलेलीच राहिली असती. कदाचित राहिली नसती. पण त्याला नाही हवे होते, आणि ते ऐकायला तो चालत माझ्याकडे आला होता.

हलकी बिडी दोन वर्षांत बंद पडली. माझ्या टिपणामुळे नाही. शहरात खपली नाही आणि गावात लोक तिला फुसकी म्हणू लागले. वीस बायकांची जास्तीची मजुरी गेली ती गेलीच. ज्या कारणासाठी मी गप्प बसले असे म्हणत होते, ते कारणही उरले नाही.

गोविंदा गेल्यावर महिन्याभराने कौसल्या साध्या बिड्यांचा माल घेऊन आली. दादाजी बाहेर गेले होते. खोलीत आम्ही दोघीच होतो. मी टोपलीवरचे कापड बाजूला केले, पण बिड्यांना हात लावला नाही. म्हणाले, "कौसल्या, मला तुझ्याशी बोलायचं आहे. गोविंदभाऊंना मी जे सांगितलं, आणि जे उशिरा सांगितलं..."

"मले मालूम हाये," ती म्हणाली. "तुमी घरी येऊन गेल्या त्याच दिवशी त्याईनं सांगितलं."

"मग तू मला काही बोलली कशी नाहीस?"

कौसल्या बसली. तिला खुर्ची दिली तरी ती कधी बसायची नाही, त्या दिवशी मात्र खुर्चीवरच बसली.

"मी का बोलू, बाई? सुई तं माह्याच हातात होती ना. आठ भोकं मीच पाडत होती. घरी पाहत होती ते चिमटीत धरून ओढते, तं पहिल्याच दिवशी माह्या मनात आलं, अवो, भोकं तं सारी बोटाखाली गेली. मंग भोकं पाडून फायदा का?"

"पहिल्याच दिवशी?"

"चैतातच. तुमाले सांगावं म्हटलं. दोनदा तोंडापर्यंत आलं. पर तुमी इतक्या शिकलेल्या, तुमचा तो हुक्का, ते निळं पानी. मी म्हटलं, आपल्याले का समजते? बाईनं पाहिलं असन ना सारं."

बाहेर भट्टीचे दार कोणीतरी उघडले आणि शेकलेल्या बिड्यांचा वास आत आला. मी टोपली बाजूला सरकवली.  मग विचारले, "आणखी काय काय दिसलं होतं तुला, जे तू मला सांगितलं नाहीस?"

तिने विचार केला. मग एकेक सांगू लागली. निळीच्या पाण्याची फळी उन्हात राहिली की दुपारी वेगळी आणि सकाळी वेगळी बोलते. मी ज्यांना घट्ट म्हणून छाटते, त्यांतल्या निम्म्या भट्टीतून आल्यावर सैल होतात. कमलाचा माल सहा महिने उगाच छाटला गेला. मी वही काढली आणि लिहून घेऊ लागले. नोकरीत पहिल्यांदाच मी लिहीत होते आणि बिड्या वळणारी बाई मला सांगत होती. हे दहा वर्षे आधी झाले असते, तर गोविंदाला मी त्या चैत्रात नाही म्हणाले असते, कारण त्याच्या बायकोने मला चिमटीबद्दल आधीच सांगितले असते.

मुक्ता, ओजस, तुम्ही दोघेही हुशार आहात आणि लोक तुमचे ऐकतील. म्हणून हे लिहिले.

आता काय उरले आहे ते सांगते. कारखाना बंद झाला, इमारत विकली गेली. दादाजी गेले. आंधळगावात काही घरी साधी बिडी अजून वळतात, पण त्या हातांमागे नवे हात येत नाहीत, आणि त्याचे मला दुःख नाही. कौसल्या आहे. तिने बिड्या वळणे सोडले, शहापूरला मुलाकडे राहते, आणि महिन्यातून एकदा भंडाऱ्याला येऊन माझ्याकडे जेवते. माझे काही चुकले, तर आता तोंडावर सांगते.